पहिला पगार, पुण्यातली खोली आणि तुझ्या सह्या

माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या भाच्याने परवा रात्री हा लांबलचक मेसेज पाठवला. बार्शीचा मुलगा, इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली. त्याचे प्रश्न थोडक्यात असे: "मावशी, पॅकेज वर्षाला 4.8 लाखाचं आहे, म्हणजे महिन्याला 40 हजार येतील ना? एज्युकेशन लोन 3.5 लाखाचं आहे. वाकडला तिघं मित्र मिळून फ्लॅट बघतोय. एसआयपी किती हजाराची लावू? मित्र म्हणतात 22व्या वर्षी चालू केलं नाही तर उशीर होतो. आणि आत्याचे मिस्टर पॉलिसी काढायला मागे लागलेत, टॅक्स वाचेल म्हणतात. पप्पांना कळत नाही, तुम्ही सांगा."

मी पुण्यात 24 वर्षं पगारपत्रकं केली, आधी भोसरीच्या एका कारखान्यात, मग आयटीत, आता लोकांचे रिटर्न आणि पैशाचं नियोजन बघते. तर बाबा, एवढ्या वर्षांत एसआयपी (दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम टाकणं) दोन वर्षं उशिरा लावली म्हणून कोणी माझ्यासमोर रडत बसलेलं मला आठवत नाही. जे रडले ते सगळे कुठेतरी सही करून आलेले होते. पॉलिसीवर सही, मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही, न वाचता भाडेकरारावर सही, आणि आता तर सहीसुद्धा लागत नाही, ओटीपी दिला की झालं. म्हणून तुझ्या एसआयपीच्या प्रश्नाकडे मी सगळ्यात शेवटी येणार आहे.

आधी ते 40 हजारांचं. नाही येणार. ऑफर लेटरवर जे असतं ते सीटीसी, म्हणजे कंपनीला तू केवढ्याला पडतोस तो आकडा. लेटरच्या शेवटच्या पानावर ब्रेकअप असतो, तो मुलं बघतच नाहीत. तुझा ब्रेकअप माझ्याकडे नाही पण या पॅकेजला साधारण काय असतं ते मांडते. महिन्याचे 40,000 धर. त्यातले 10 टक्के व्हेरिएबल, म्हणजे 4,000, ते वर्षाच्या शेवटी मिळतील किंवा अर्धेच मिळतील किंवा कंपनीचं वर्ष बरं गेलं नाही म्हणून मिळणारच नाहीत. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 20,000 धरला तर कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) हिस्सा 2,400, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी 962, आणि ती एरवी पाच वर्षं एका जागी टिकलास तरच. ग्रुप इन्शुरन्सचे पाचेकशे. राहिले 32,138. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ 2,400 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 जाणार (फेब्रुवारीत 300 कापतात, वर्षाचे 2,500 होतात, मुलींना महिना 25,000 पर्यंत हा टॅक्स माफ आहे, तुला नाही). हातात 29,500 च्या आसपास. तर तू 40 चं गणित मांडून फ्लॅट बघू नकोस, साडेएकोणतीसचं मांड आणि व्हेरिएबल नाहीच असं समज.

याच ठिकाणी पहिली सही येते. जॉइनिंगला फॉर्म 11 देतील. पहिलीच नोकरी आणि बेसिक 15,000 च्या वर असेल तर पीएफ नको असं लिहून द्यायची मुभा असते आणि एखादा सिनियर हमखास कानात सांगतो की पीएफ नको म्हण, हातात जास्त येतील. नको म्हणू नकोस. तुझे 2,400 आणि कंपनीचे 2,400, महिन्याला 4,800, वर्षाचे 57,600, आणि 2024-25 ला त्यावर 8.25 टक्के व्याज होतं. तुझ्यासारख्या नवीन मेंबरचं बेसिक 15,000 च्या वर असेल तर पेन्शन फंडात काही वळत नाही, सगळे पैसे पीएफातच राहतात. ही तुझी पहिली एसआयपी, तुला ॲप उघडायची पण गरज नाही. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, एकदाच निघतो आणि जन्मभर तोच, दुसऱ्या नोकरीत दुसरा काढू देऊ नकोस, आणि नोकरी बदलली की पैसे काढून गाडी घ्यायची नाही, ट्रान्सफर करायचे. पाच वर्षं सलग भरायच्या आत काढलेस तर त्यावर टॅक्सही लागू होतो.

आणि एक बारीक गोष्ट, पण मी यावर शेकडो तास घालवलेत. आधारवर नाव कसं आहे बघ. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर उलटं. पॅनवर वडिलांचं नावच गायब. बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. पीएफ काढायला किंवा ट्रान्सफर करायला जाशील तेव्हा ह्या एका ए वरून क्लेम रिजेक्ट होतो आणि तोपर्यंत तू त्या कंपनीत नसतोस, तिथला एचआरही बदललेला असतो. जॉइन व्हायच्या आधीच आधार, पॅन, बँक तिन्हीकडे एकसारखं करून घे, बार्शीतच होईल, पुण्यात सुट्टी टाकून करावं लागेल.

बाँड, म्हणजे अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर पैसे भरीन असं लिहून देणं, असेल तर तो पूर्ण वाच. मुलं एकमेकांना सांगतात की बाँडला काही किंमत नसते, कोर्टात टिकत नाही. तसं राहिलेलं नाही. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 2 लाख भरायचे असा, बाँड वैध ठरवलाय. प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड टिकेल असं नाही, पण काही होत नाही म्हणून सही ठोकायची असंही नाही. रक्कम किती, मुदत किती, ट्रेनिंग खरंच देणार का, हे विचारायचं. कोरे चेक आणि ओरिजिनल मार्कशीट मात्र कोणालाही द्यायच्या नाहीत, दाखवायच्या आणि परत घ्यायच्या.

आता राहायचं.

तिघांत 27,000 चा टू बीएचके धरू, तुझ्या वाट्याला 9,000. पण पहिल्या दिवशी खिशातून किती जातात बघ: डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे तुझे 27,000, ब्रोकर एक महिन्याचं भाडं घेतो म्हणजे 9,000, पहिल्या महिन्याचं भाडं 9,000, करारनाम्याचा खर्च, वर गादी, बादली, शेगडी, पंखा, झाडू. 50-52 हजार, आणि पहिला पगार अजून आलेलाच नाही. महिन्याच्या वीस तारखेनंतर जॉइन झालास तर बऱ्याच ठिकाणी पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबरच येतो. हे पैसे पप्पा देणार हे उघड आहे. घे, पण वहीत लिहून ठेव आणि परत दे.

खरं सांगू का, मी तुझ्या जागी असते तर पहिले तीन महिने फ्लॅट घेतलाच नसता. पीजी किंवा कॉट बेसिसवर राहा, जेवणासकट नऊ ते अकरा हजारात दोघांत एक खोली मिळते, डिपॉझिट एक महिन्याचं. कारण ट्रेनिंग हिंजवडीत होतं आणि प्रोजेक्ट खराडीला मिळतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तू अकरा महिन्यांचा करार करून वाकडला अडकलेला. असं दर बॅचला चार-पाच जणांचं व्हायचं आणि मग ते रोज दोन-दोन तास बसमध्ये किंवा डिपॉझिटवर पाणी सोडून मोकळे. तीन महिन्यांत तुला हेही कळेल की जे दोन मित्र कॉलेजात जिवाला जीव देत होते त्यांच्यापैकी कोण भांडी घासतो आणि कोण घासत नाही.

फ्लॅट घेशील तेव्हा करार. लोक म्हणतात अकरा महिन्यांचा आहे म्हणजे रजिस्ट्रेशन लागत नाही. बाकी राज्यांत काय असेल ते असो, महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 आहे, त्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (हाच तुमचा भाडेकरार) लेखी आणि रजिस्टर्डच लागतं, अकरा महिने असले तरी, आणि ती जबाबदारी घरमालकाची. रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल तू जे सांगशील ते खरं धरतात, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कायदा तुझ्या बाजूने आहे, पण तू काही डिपॉझिटसाठी कोर्टात जाणार नाहीस, म्हणून आधीच नीट करून घे. खर्चाचं म्हणशील तर स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या 10 टक्के मानीव (मिळालं असं धरलेल्या) व्याजावर पाव टक्का लागते. तुमच्या 27,000 भाडं आणि 81,000 डिपॉझिटला ती साधारण 760 रुपये होते, शहरात रजिस्ट्रेशन फी 1,000. एजंट घरी मशीन घेऊन येतो, सगळ्यांचे अंगठे आणि फोटो घेतो, आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. तेव्हा सरकारी किती आणि तुझे किती असं विचारलं की आकडा आपोआप खाली येतो.

सही करायच्या आधी चार ओळी शोधायच्या. लॉक-इन (सोडताच येणार नाही असा काळ) किती महिने, नोटीस किती, सोडताना रंगाचे पैसे कापणार का, आणि तिघांपैकी एक गेला तर त्याचं भाडं कोण भरणार. शेवटची ओळ बहुतेक करारात नसतेच, आणि भांडणं तिथेच होतात, मालकाशी नाही तर आपसात. तिघांचीही नावं करारात हवीत. ज्याचं नाव नाही तो पाहुणा, आणि ज्या एकट्याचं नाव आहे तो तिघांच्या भाड्याला जबाबदार. आणि मुदत संपल्यावर तसंच राहून बघू असं करू नका, कलम 24 खाली मालक दुप्पट भाडं मागू शकतो. सामान आत नेण्याआधी सगळ्या खोल्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, भिंतीची ओल, फुटकी फरशी, गिझर चालू आहे का, आणि लाईटच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो. माझ्या मुलाच्या खोलीला पहिल्याच महिन्यात साडेचार हजार बिल आलं होतं, आधीच्या भाडेकरूची थकबाकी. फोटो होता म्हणून मालकाने गुपचूप भरलं.

रोजच्या खर्चात मी फार शिरत नाही, तो तुझा तुला कळेल. भाडं 9,000, लाईट-वायफाय-गॅस-बाई मिळून 1,700, दोन वेळचा डबा 4,000, येणं-जाणं 1,500, नाश्ता-चहा-बाहेरचं खाणं 2,500, मोबाईल 300. हे 19,000 झाले आणि हे सभ्य माणसाचं बजेट आहे, यात वीकेंडला लोणावळा नाही की ऑनलाईन मागवलेले बूट नाहीत. राहतात साडेदहा हजार. खरा आकडा काढायचा तर पहिले तीन महिने फक्त लिहून काढ, काही कमी करू नकोस, नुसतं लिही. यूपीआयमुळे वीस-तीस रुपये गेलेले कळतच नाहीत, आमच्या वेळी पाकीट तरी रिकामं दिसायचं. एकच युक्ती सांगते, पगाराचं खातं वेगळं आणि यूपीआयचं खातं वेगळं ठेव. एक तारखेला यूपीआयच्या खात्यात महिन्याचे दहा हजार टाकायचे. संपले की संपले, मग डबा आहेच.

आता लोन, आणि हे तुझ्या मित्रांनी तुला सांगितलेलं नाही. 3.5 लाख घेतले म्हणजे 3.5 लाख फेडायचे असं नसतं. कोर्स चालू असताना आणि पुढे सहा महिने किंवा वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. दर वर्षी 87,500 उचलले असं धरलं आणि 10 टक्के सरळ व्याज लावलं, तर हप्ता चालू व्हायच्या दिवशी व्याजच सव्वा लाखाच्या जवळ झालेलं असतं. एकूण पावणेपाच लाख. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला 7,800 च्या वर, दहा वर्षांत 6,200. तुझ्या साडेदहा हजारातून. म्हणून हप्त्याची वाट बघू नकोस, पहिल्या पगारापासूनच बँकेत जाऊन चालू व्याजाएवढे, महिना 3,000 तरी भरत जा. हे कर्ज बहुतेक बदलत्या व्याजदराचंच असतं आणि तसं असेल तर आधी भरण्याबद्दल दंड लागत नाही. आणि लक्षात ठेव, या कर्जावर पप्पांची पण सही आहे, सहकर्जदार म्हणून. तू हप्ता चुकवलास तर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) त्यांचाही पडतो. उद्या त्यांना दुकानासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे चालू धंद्याचं कर्ज, लागलं तर बँक तुझा हप्ता बघून नाही म्हणेल.

आत्याच्या मिस्टरांकडे येऊ. हा सगळ्यात नाजूक विषय, कारण इथे विमा नसतो, नातं असतं. ते म्हणतात टॅक्स वाचेल. तुला टॅक्सच नाही रे. नव्या करपद्धतीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट (कराची पूर्ण माफी) आहे, पगारदाराला वर 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन. तुझ्या 4.8 ला टॅक्स शून्य. आणि 80सी ची, म्हणजे विम्याचा हप्ता वगैरे भरल्याबद्दलची, सवलत नव्या पद्धतीत मिळतच नाही, तर वाचणार काय? रिटर्न मात्र भर, तुझ्या आकड्याला सक्तीचं नसेल तरी भर, पुढे होम लोनला नाहीतर व्हिसाला मागच्या वर्षांचे रिटर्न मागतात तेव्हा जुने सहजासहजी काढता येत नाहीत. 31 जुलैच्या आत.

ती पॉलिसी बहुतेक वर्षाला 36 हजारवाली, वीस वर्षं भरायची, शेवटी बोनससकट मिळणार अशी असेल. मी अशा डझनावारी उलगडून बघितल्यात, परतावा पाच-सहा टक्क्यांत बसतो आणि विमा असतो चार-पाच लाखांचा, ज्यात तुझं लोनसुद्धा धड फिटणार नाही. मधेच बंद केलीस तर भरलेल्यातले बरेच जातात. तुझ्यावर कर्ज आहे आणि घरी आई-वडील आहेत म्हणून विमा हवा हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त तो साधा टर्म घे (मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात, एरवी काही नाही), 50 लाखांचा. तुझ्या वयात, तंबाखू-सिगरेट नसेल तर, वर्षाला दहा हजारांच्या आत बसतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी पण नाही. काकांकडूनच टर्म घे हवं तर, नातंही टिकेल, त्यांना कमिशनही मिळेल, थोडं कमी. आणि समजा दबावाखाली दुसऱ्या कशावर सही झालीच, तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री-लूक असतो. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

कंपनीचा मेडिक्लेम आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस, तो शेवटच्या दिवशी आयडी कार्डाबरोबर जमा होतो. पप्पा 54 चे म्हणालास ना? त्यांना शुगर-बीपी काही असेल तर स्वतंत्र पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. म्हणजे आज काढलेली पॉलिसी त्यांच्या 57व्या वर्षी पूर्ण कामाची होणार. तुझ्या एसआयपीपेक्षा मला ही घाई जास्त वाटते. पगार थोडा वाढला की पहिलं हे.

क्रेडिट कार्ड. जॉइनिंगच्या आठवड्यात ऑफिसच्या लॉबीत टेबल टाकून बसलेले असतात, पिशवी फुकट देतात. कार्ड वाईट नाही, वेळेवर पूर्ण बिल भरलं तर सिबिल बनतो आणि तो पुढे लागतो. पण बिलावर दोन आकडे असतात, टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू. मिनिमम साधारण पाच टक्के. 40,000 बिल, 2,000 भरले, राहिलेल्या 38,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी 1,330 व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 239. हे एका महिन्याचं. शिवाय मिनिममवर गेलास की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, दुसऱ्या दिवशी घेतलेल्या वडापाववर पण त्या दिवसापासून व्याज. आमच्या टीममधला एक मुलगा आयफोन आणि गोवा मिळून 70 हजारांत सापडला होता, सव्वादोन वर्षं मिनिमम भरत राहिला. मी त्याला पीएफमधून नाही, वडिलांकडून घेऊन एकरकमी भरायला लावलं, त्याला वडिलांना सांगायची लाज वाटत होती म्हणून तर तो इतके दिवस भरत बसला होता. तुझ्यावर तशी वेळ आली तर पहिल्याच महिन्यात घरी सांग. आणि आत्ता घ्या नंतर द्या वाली ॲप पण कर्जच असतात, तीनशे रुपयांची पिझ्झाची उधारी चुकली तरी सिबिलच्या रिपोर्टवर उमटू शकते. तो रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, बघत जा, तुझ्या नावावर तू न घेतलेलं काही निघालं तर तेव्हाच कळतं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण सगळ्यात महाग सही हीच. 2003 साल, मी भोसरीत, पगार 6,800. शेजारच्या टेबलवरच्या एकाला पतसंस्थेतून बहिणीच्या लग्नाला 60 हजार हवे होते. दोन जामीनदार लागतात, नुसती सही, मॅडम, फॉर्मॅलिटी असते. मी पगारपत्रकात बसलेली बाई, लोकांच्या कपातीची पत्रं रोज माझ्याच टेबलावर येत होती, तरी सही केली. तो आठ महिन्यांत नोकरी सोडून गेला. मग माझ्याच नावाचं पत्र माझ्याच टेबलावर आलं, सहकार कायद्याच्या कलम 49 खाली पगारातून कपात करण्याबद्दल. माझ्याच हाताने माझ्याच पगारातून दर महिन्याला 1,500 कापले, 17 महिने. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 128 म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. म्हणजे आधी त्याच्याकडे जा मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही. नवऱ्याला मी चार महिने सांगितलं नव्हतं. तर तुला पुण्यात गावाकडचे मित्र भेटतील, रूममेट भेटतील, चांगलेच असतील, पण जामीन म्हणून सही मागितली तर सरळ सांग की आमच्या घरात चालत नाही. देण्यासारखे असतील तर दोन हजार हातावर ठेव आणि परत येणार नाहीत असं समज. सही नको.

पप्पांचे 2 लाख पतसंस्थेत आहेत असं तुझ्या मामाकडून कळलं. दर चांगला मिळतोय हे खरं, पण सरकारी ठेव विमा बँकेतल्या ठेवींना असतो, 5 लाखांपर्यंत, एका माणसाला एका बँकेत, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही. नावात फक्त दोन-तीन अक्षरांचा फरक असतो म्हणून लोकांचा घोळ होतो. 2019 च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून 1,000 रुपयेच काढता येत होते आणि ती तर बँक होती. पप्पांशी भांडू नकोस, ते त्या संचालकांना तीस वर्षं ओळखत असतील, पण मुदत संपेल तशी निम्मी तरी रक्कम बँकेत आणायला सांग. आईला सराफाची सोन्याची भिशी चालवायची आहे, चालवू दे, पाचशे-हजाराची असेल तोवर.

बरं, साडेदहा हजारातून लोनला 3,000 आणि घरी 3,000 गेले की साडेचार राहतात. घरी किती द्यायचे ते पहिल्याच महिन्यात पप्पांसमोर बसून ठरवा. दर महिन्याला फोनवर अंदाज घेत बसलात की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, तुला वाटतं कमी पडले, त्यांना वाटतं मागावं कसं. साडेचार हजार पहिली दीड वर्षं सरळ बँकेत, एफडी किंवा रिकरिंग, तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत, म्हणजे 75 हजार ते लाख. याचं कारण नुसता आजारपणाचा खर्च नाही. प्रोबेशनमध्ये वैतागून नोकरी सोडायची वेळ आली, मॅनेजर त्रास देतोय, तर खात्यात तीन महिन्यांचे पैसे असलेला पोरगा शांतपणे राजीनामा टाकतो आणि नसलेला दुसरी जी मिळेल ती ऑफर घेतो, कमी पगारावर.

मग एसआयपी. तेवढे साठले की कर, दोन हजाराने, निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टी म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, त्याच्या मागे चालणारा फंड), डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये एजंट नाही. फंड निवडण्यात महिना घालवू नकोस. एवढंच माहीत असू दे की जानेवारी 2020 मध्ये 12,300 च्या वर असलेला निफ्टी 23 मार्चला 7,610 वर बंद झाला होता, दोन महिन्यांत. तेव्हा ज्यांनी घाबरून बंद केली ते बहुतेक असे होते की ज्यांच्याकडे बाजूला ठेवलेले पैसेच नव्हते. म्हणून आधी तो लाख. आणि रूममेट ऑप्शन ट्रेडिंगमधले (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांतले) स्क्रीनशॉट दाखवेल. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर 2024 ला आकडे दिलेत, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीपेक्षा जास्त सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. तोट्याचे स्क्रीनशॉट कोणी काढत नाही.

सगळीकडे नॉमिनी आईला लाव, पीएफमध्येही, तो ऑनलाईन वेगळा लावावा लागतो, बँकेत लावला म्हणजे तिथे लागत नाही.

ऑफर लेटरचं शेवटचं पान आणि बाँड असेल तर तो, दोन्हीचे फोटो रविवारच्या आत पाठव, सोमवारी जॉइनिंग म्हणालास ना. पत्रक बघून साडेएकोणतीसचा आकडा पक्का करून देते. आणि वाकडच्या त्या फ्लॅटचं टोकन अजून दिलं नसशील तर थांब, दिलं असशील तर किती ते सांग.